पाट्याला पहिली टाकी

“बुवा, डोळे कधी?”

म्हाळूने विचारलं. सकाळपासून तिसऱ्यांदा.

निंबाजीबुवा झाडाखाली बसून दगड कोरायच्या टाकीला धार लावत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“देवीचे डोळे मीच कोरायचे ना, बुवा?”

…

बुवांनी टाकीचं टोक अंगठ्याला लावून पाहिलं आणि पुन्हा दगडावर घासायला घेतलं.

थांबा. तुम्ही लगेच विचारणार, कोण बुवा, कुठली देवी. सांगतो. पण गोष्ट देवीची नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर शेवटी माझ्याशी भांडाल. तुमच्या घरी ओट्याखाली नाहीतर गच्चीत एक काळा दगड उपडा पडलेला असेल. पाटा. मिक्सर आल्यापासून त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. मला त्याचा राग येतो, म्हणून ही गोष्ट. जा, त्याच्यावरून एकदा हात फिरवून या. घरी नसेल तर शेजारी जा.

आलात? काय लागलं हाताला? बारीक बारीक खड्डे. सगळ्या अंगभर. ते खड्डे तिथे का आहेत, एवढंच मला सांगायचंय.

खरी गोष्ट की खोटी, ते मला माहीत नाही. आम्ही लहान असताना गावात एक बाई ‘पाट्याला टाकीऽऽ’ असं ओरडत दारावरून जायची. तिने सांगितली. तिला तिच्या सासूने सांगितली होती. सासूच्या पलीकडचं मी विचारलं नाही. आणि त्या काळी जातं होतं का, असा प्रश्न काढू नका. होतं म्हटलं, तर जात्याला टाकी कुणी लावली असं तुम्ही विचाराल, आणि माझी गोष्ट तिथेच मोडेल.

तर, एका डोंगराच्या पायथ्याशी पाथरवटांची वस्ती होती. दगडाचे देव घडवणारी माणसं. निंबाजीबुवा त्यांतले सगळ्यांत जाणते. त्यांच्याकडे दहा शिष्य. त्या वर्षी त्यांनी एका गावासाठी देवीची मूर्ती घडवायला घेतली होती. मूर्ती तयार झाली होती. फक्त डोळे राहिले होते.

डोळे सगळ्यांत शेवटी कोरायचे, हा पाथरवटांचा रिवाज. डोळे उघडले की दगडाची देवी होते. त्यानंतर तिला टाकी लावायची नाही. म्हणजे चुकलं तर चुकलं, दुरुस्ती नाही. अक्षय्य तृतीयेला सकाळचा मुहूर्त होता, आणि तृतीयेला पंधरा दिवस उरले होते.

आजवर डोळे बुवाच कोरत. पण यंदा त्यांचा हात थरथरू लागला होता. पाण्याचा तांब्या उचलला तरी पाणी हिंदकळायचं. सगळ्यांना दिसत होतं, बोलत कुणी नव्हतं.

मग डोळे कोण कोरणार?

एक होता म्हाळू. सात वर्षं शिकलेला. त्याच्यासारखी झिलई आसपासच्या दहा गावांत कुणाला जमत नसे. वाळू, पाणी, नारळाची शेंडी, शेवटी तेलाचं फडकं... म्हाळूने घासलेल्या दगडात माणसाला आपल्या मिशीचा केस न् केस दिसायचा. एकदा तर एक कावळा त्याने घासलेल्या नंदीच्या पाठीवर बसला आणि खाली दुसरा कावळा बघून अर्धा दिवस त्याच्याशी भांडत राहिला. ही गोष्ट म्हाळू स्वतःच सगळ्यांना सांगायचा.

दुसरा हैबती. सावकाश काम करायचा. एक घाव घातला की दोनदा बघायचा, मग बुवांना विचारायचा, मग आणखी एक घाव. म्हाळू त्याला गोगलगाय म्हणायचा. हैबती हसायचा आणि कामाला लागायचा.

डोळे आपल्याला मिळाले नाहीत आणि या गोगलगायीला मिळाले, तर? या एका विचाराने म्हाळूच्या पायाला भिंगरी लागली होती. एका जागी त्याला बसवत नव्हतं. जेवताना अर्ध्यात उठायचा, मूर्तीपाशी जायचा, तिच्या कोऱ्या चेहऱ्याकडे बघायचा, परत यायचा, तोवर भाकरी कुत्र्याने नेलेली असायची. त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. डोळे मिळाले नाहीत तर वस्ती सोडायची, आणि पुन्हा बुवांचं तोंड बघायचं नाही.

आता पुन्हा झाडाखाली चला.

“बुवा, काहीतरी बोला.”

बुवांनी टाकी खाली ठेवली. म्हणाले, “आक्काचा खांदा धरलाय.”

म्हाळूला वाटलं, आपण विचारलं काय आणि म्हातारा बोलतोय काय.

आक्का म्हणजे बुवांची थोरली बहीण. अख्ख्या वस्तीचा स्वयंपाक तीच करायची. बारा माणसांचं कुटणं-ठेचणं उखळात चालायचं. उभं राहून, मुसळ डोक्याच्या वर उचलून. महिनाभर तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. हैबती म्हणाला, मी कुटून देतो. आक्काने त्याला एकदा कुटू दिलं, आणि उखळात डोकावून म्हणाली, बाबा रे, पुरुषांनी कुटलं की एक तर आख्खं राहतं नाहीतर त्याचा चिखल होतो, तू आपला दगडच फोड.

मग ती मागच्या ओढ्यावर जाऊन तिथल्या सपाट खडकावर गोट्याने वाटायला लागली. बसून वाटता येई, खांद्याला बरं. पण खडक भुसभुशीत. चटणीत कच यायची. जेवताना बारा तोंडांतून कर्रकर्र आवाज. दोन दिवसांनी चटणीच बंद झाली.

आणि दिवस चैत्राचे. कैऱ्या आलेल्या. आक्काच्या हातची कैरी घालून वाटलेली हरभऱ्याची डाळ म्हणजे वस्तीची वर्षाची चैन. देवीच्या नैवेद्यालाही तीच लागायची. यंदा ती होणार नाही, असं दिसत होतं.

बुवा म्हणाले, “आक्काला बसून वाटता येईल असा दगड करून दे. ती ‘बरा’ म्हणाली की डोळे तुझे.”

“स्वयंपाकघराचा दगड?”

…

“मी?”

बुवांनी टाकी पुन्हा उचलली होती.

म्हाळूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. देव घडवणाऱ्याने चुलीपुढचा दगड घडवायचा! हैबती समोरच होता. त्याने ऐकलं असणारच, या विचाराने आणखी आग झाली. पण डोळे हवे होते.

तो आक्काकडे गेला आणि किती लांब हवा, किती रुंद, एवढंच विचारलं. आक्काने हात पसरून माप दाखवलं. म्हणाली, ओढ्यातल्या खडकासारखा दे, फक्त कच न येणारा. म्हाळू मनात म्हणाला, हिला काय कळतंय. ओढ्यातल्या खडकासारखा म्हणे. सात वर्षं आपण काय ओढ्यातले खडक करायला शिकलो?

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. त्याच दुपारी म्हाळू खाणीत गेला आणि काळवथरीचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा, सगळ्यांत कठीण तुकडा निवडून घेऊन आला. कच येणारच नाही असा. इथवर त्याचं चुकलं नाही, हे मीही मान्य करतो. तीन दिवसांत त्याने तो कापून चौकोनी केला. दोन दिवस घासला. सोबत एक लांबट गोल दगड केला, दोन्ही हातांत धरून पुढे-मागे ढकलायचा. हाच आपला वरवंटा. तोही घासला.

पाचव्या दिवशी त्याने दगड आक्कापुढे ठेवला. शिष्य गोळा झाले. आक्का वाकली, तर तिला दगडात आपलं तोंड दिसलं. तिने पदर सारखा केला. सगळे हसले. म्हाळूची छाती फुगली.

आक्काने भिजलेल्या डाळीची मूठ दगडावर टाकली. वरवंटा धरला. ढकलला.

डाळ सुटली ती थेट अंगणात.

तिने परत गोळा केली, धुतली, ठेवली, ढकलली. वरवंटा सर्रकन घसरला, तिचे हात पुढे गेले आणि ती नाकावर पडता पडता वाचली. मग तिने लसणाची एक पाकळी ठेवून पाहिली. पाकळी उडाली आणि हैबतीच्या कपाळावर बसली.

कोंबड्या धावत आल्या. त्यांची मात्र चंगळ झाली.

म्हाळू लाल झाला. पण त्याला काय वाटलं असेल, सांगा? इथे तुम्ही असता तर म्हणाला असता, फारच गुळगुळीत झाला की. ते तुम्ही. म्हाळू देव घासणारा. गुळगुळीत म्हणजे चांगलं आणि त्याहून गुळगुळीत म्हणजे त्याहून चांगलं, एवढंच त्याच्या हाताला ठाऊक होतं. त्याला वाटलं, झिलई कमी पडली.

त्याने दगड उचलला आणि परत घासायला घेतला.

तीन दिवस. बारीक वाळू संपली तेव्हा त्याने राख घेतली. राखेने झाल्यावर हाताचा तळवा घेतला. तळव्याची सालं निघाली. मधेच उठायचा, मूर्तीपाशी जाऊन यायचा, हैबती काय करतोय ते चोरून बघायचा, परत बसायचा. हैबती देवीच्या पायाशी बसून एकेका बोटाचं नख साफ करत होता. म्हाळूला वाटायचं, हा मुद्दाम तिथे बसतो.

आठव्या दिवशी पुन्हा डाळ. या वेळी तर वरवंट्याला ढकलावंही लागलं नाही, नुसता ठेवला तर तो आपला आपण चालायला लागला. डाळीचा दाणाही फुटला नाही.

म्हाळू म्हणाला, आक्का, तुमचं धरणं चुकतंय. तिने धरणं बदललं. मग म्हणाला, बसणं चुकतंय. तिने पाट सरकवला. मग म्हणाला, डाळ नीट भिजली नसेल.

नाचता येईना, अंगण वाकडं. दुसरं काय.

आक्का मऊ स्वभावाची बाई. पण भिजवलेल्या डाळीला नावं ठेवलेली तिला खपली नाही. तिने डाळीचं पातेलं उचललं, आत नेलं आणि आतूनच म्हणाली, तुझा देव तुला लखलाभ, मला माझा ओढा बरा. त्या दिवशी वस्तीला भाकरीबरोबर मीठ मिळालं.

म्हाळूने आणखी तीन दिवस घासला.

आता मलाही त्याची कीव यायला लागली आहे, पण काय करू, त्याने खरंच घासला. ऊन वर चढायचं, घाम दगडावर पडायचा आणि ओघळून खाली जायचा. थेंबसुद्धा दगडावर टिकत नव्हता. मुहूर्ताला चार दिवस उरले. त्या गावाहून निरोप आला, देवी न्यायला बैलगाड्या निघाल्या. म्हाळूने निरोप ऐकला आणि राखेची आणखी एक मूठ घेतली.

अकराव्या दिवशी डाळीने पुन्हा तेच केलं. आक्काने सांडलेली डाळ गोळा केली. नुसती उठून गेली.

बाराव्या दिवशी सकाळी म्हाळूने तो दगड पाठीवर घेतला आणि झाडाखाली बुवांच्या पुढ्यात आणून आदळला.

“यात खोट दाखवा.”

बुवांनी दगडावरून तळहात फिरवला. एकदा आडवा, एकदा उभा. सावकाश.

“खोट नाही,” ते म्हणाले.

“एक ओरखडा दाखवा.”

“नाही.”

“मग आक्का बरा का म्हणत नाही? तुम्हाला हैबतीलाच डोळे द्यायचे होते, तर तसं सांगायचं. बारा दिवस माझी फजिती कशाला केलीत?”

…

झाडावर एक साळुंकी ओरडत होती. ती उडून गेली.

बुवा उठले. आक्काकडे जाऊन पातेल्यातली डाळ आणली, थरथरत्या हाताने अर्धी वाटेत सांडत. ती त्यांनी दगडावर ठेवली. मग म्हाळूचा दंड धरला, त्याला दगडाच्या पलीकडे नेलं आणि खाली बसवलं. जिथे आक्का बसायची, तिथे.

वरवंटा त्याच्या हातात दिला.

“वाट,” म्हणाले, आणि आपल्या जागी जाऊन बसले.

पोरांनो, बारा दिवसांत म्हाळू त्या बाजूला एकदाही बसला नव्हता. तुमच्या लक्षात आलं होतं? माझ्याही आलं नव्हतं, पहिल्यांदा ऐकली तेव्हा.

म्हाळूने वरवंटा ढकलला. डाळ पळाली. त्याने ओंजळीने परत आणली. ढकलला. पळाली. त्याने जोर लावला. वरवंटा घसरून त्याची बोटं दगडाच्या काठावर आपटली. दुसऱ्यांदा आपटली. नखातून रक्त आलं. त्याने डाळीला दात-ओठ खाऊन दाबलं, तर ती बोटांखालून चारी बाजूंना निसटली आणि एकही दाणा मोडला नाही. मणामणाच्या मूर्ती उचलणारा गडी, आणि त्याच्या हातून हरभऱ्याची एक डाळ फुटेना.

जवळ बघायला कुणी नव्हतं, फक्त बुवा. तेही टाकीकडे बघत होते.

म्हाळू रडायला लागला. रागाने. रडता रडता त्याने बाजूला पडलेली दुसरी टाकी उचलली आणि तो दगडच फोडून टाकायचा म्हणून हातोडीने एक घाव घातला.

काळवथरी तो. कशाला फुटतोय? टाकीचं टोक उसळून बाजूला गेलं. त्या आरशासारख्या दगडाच्या मधोमध एक पांढुरका खड्डा पडला. तिळाएवढा.

म्हाळूचं रडणं थांबलं. अकरा दिवसांची मेहनत. तिच्यात खोट. आता दाखवायला ओरखडा होता.

तो त्या खड्ड्याकडे बघत बसला. कितीतरी वेळ.

आणि मग त्याला एक दिसलं. सगळी डाळ पळाली होती. एक दाणा होता. त्या खड्ड्यात टोकाशी अडकून उभा.

म्हाळूने वरवंटा हळूच त्याच्यावर टेकवला. ओढला.

दाणा फुटला.

त्याने वर पाहिलं. बुवा टाकीला धार लावत होते.

म्हाळूने खड्ड्याशेजारी बोट ठेवलं. टाकी टेकवली. आणि हात थांबला. तिळाएवढी खोट भरून काढता येते. वरचा थर घासला की पुन्हा आरसा. पण आणखी खड्डे पाडले, तर संपलं. आयुष्यात एवढी झिलई त्याला जमली नव्हती, पुन्हा जमेल असंही नव्हतं. नंदीसुद्धा असा झाला नव्हता. हा दगड नुसता नेऊन दाखवला असता, तरी दुसऱ्या कुठल्याही वस्तीने त्याला डोक्यावर घेतलं असतं. त्याच्या मनात तेही येऊन गेलं. उचलायचा आणि चालायला लागायचं.

तो उठला. दोन पावलं गेला. परत आला. पुन्हा उठला.

हैबती लांबून बघत होता, आणि त्या वेळी मात्र तो हसला नाही.

मग म्हाळू बसला आणि त्याने दुसरा खड्डा पाडला.

तिसरा.

प्रत्येक घावाला त्याचं तोंड असं व्हायचं, की घाव त्यालाच बसतोय. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे वाक्य तो नव्या पोरांना दिवसातून चारदा ऐकवायचा. तेव्हा त्याच्या तोंडावर असं काही नसायचं.

दीड दिवस तो टाकी मारत होता. आणि मधे मधे, ऐका बरं का, मधे मधे तो उठून आक्काकडे जायचा. आक्का, खड्डे दाट हवेत की विरळ? आक्का, कडेला हवेत का? आक्का, हे खोल झालेत का, डाळ आत राहून बसेल का? आक्का आधी फुरंगटून होती. मग म्हणाली, कडा तशाच ठेव, पाणी निथळायला बरं. मग म्हणाली, वरवंट्यालाही थोडे घाल. मग तिथेच येऊन बसली आणि बोट दाखवायला लागली. इथे घाल. इथे पुरे. अरे हळू, तुझ्या काय बापाचं लग्न निघालंय.

चौदाव्या दिवशी दुपारी दगड धुतला. चमक गेली होती. करड्या रंगाचा, ठिपक्याठिपक्यांचा, देवीच्या रोगातून उठल्यासारखा दिसत होता. म्हाळूला त्याच्याकडे बघवेना.

आक्काने डाळ टाकली. ढकलला वरवंटा.

खर्र.

डाळ जागची हलली नाही. पुन्हा ओढला, पुन्हा ढकलला. डाळ फुटली, मग भरड झाली, मग मऊ व्हायला लागली. आक्काने कैरी टाकली. मीठ, मिरी. मिरची तेव्हा या देशात यायची होती. खांदा खालीच होता, हात नुसते पुढे-मागे चालत होते. महिनाभराने तिच्या कपाळावरची आठी गेली. तिने बोटावर थोडी डाळ घेतली, जिभेवर ठेवली, दातांनी कच शोधली. कच नव्हती.

“बरा आहे,” ती म्हणाली.

एवढंच. बारा माणसांनी त्या दिवशी किती भाकऱ्या खाल्ल्या, ते आक्काने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

म्हाळू मात्र तिला म्हणाला, वापरून वापरून हे खड्डे झिजतील ना? आक्का म्हणाली, झिजतीलच की. मग? मग पुन्हा टाकी लाव. आणि पुन्हा झिजले तर? आक्काने त्याच्याकडे असं बघितलं, की हा कधी भांडी घासणाऱ्या घरात वाढला नाही की काय. त्यालाही ते कळलं असावं, कारण तो टाकीला धार लावायला बसला.

संध्याकाळपर्यंत ही बातमी खालच्या गावात गेली. दोन बाया डोक्यावर आपापले सपाट दगड घेऊन चढ चढून आल्या. म्हाळूच्या ताटातला घास ताटातच राहिला. तो हात धुऊन उठला.

पंधराव्या दिवशी तृतीया.

गाड्या आल्या होत्या. बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. माणसं मूर्तीभोवती उभी. आक्काने केळीच्या पानावर वाटलेली डाळ आणून ठेवली होती. मुहूर्त जवळ आला.

बुवांनी डोळ्यांसाठी राखून ठेवलेली बारीक टाकी फडक्यातून काढली आणि म्हाळूच्या हातात दिली. सात वर्षं ज्या घडीची वाट बघितली, ती घडी.

म्हाळू देवीपुढे बसला. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यावर खूण केली. ती पाहिली. पुसली. परत केली.

मागे वळून त्याने हैबतीला हाक मारली. हळू आवाजात म्हणाला, हैबती, जरा बघ रे, दोन्ही सारखे आहेत का. हैबती पुढे आला. एकदा बघितलं, दुसऱ्यांदा बघितलं. म्हणाला, डावा जवाएवढा वर आहे. म्हाळूने खूण पुसली आणि जवाएवढी खाली घेतली.

मग त्याने टाकी टेकवली.

हातोडी उचलली.

हातोडी वरच राहिली.

माणसं चुळबुळायला लागली. गाडीवाला कुजबुजला, मुहूर्त टळतोय. म्हाळूच्या कपाळावर घाम आला होता. देवीचा तो गाल त्यानेच घासलेला होता. त्यात त्याला आपलं तोंड दिसत होतं. त्याचा हात कापायला लागला, बुवांच्यासारखा.

“बुवा...”

बुवा त्याच्याशेजारी येऊन बसले.

“बुवा, चुकलं तर?”

…

“मला भीती वाटते.”

“वाटते ना?”

“हो.”

बुवांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“मग मार.”